डंकर्कचा धक्का आणि पुसलेले तीन शब्द
(गावच्या वाचनालयात दिलेले व्याख्यान)



आजचा विषय वाचनालयाच्या फळ्यावर लिहिला गेला, तेव्हा एका शेतकरी बांधवाने आम्हांस रस्त्यातच गाठले आणि विचारले, "मास्तर, फ्रान्स देश बुडाला तो बुडाला. त्यालाही आता ऐंशीवर वर्षे झाली. इथे शिवारात पाऊस नाही आणि तुम्ही कुठल्या समुद्राच्या गोष्टी सांगता?" प्रश्न रोकडा आहे, त्यास उत्तर देणे आम्हांस भाग आहे. उत्तर असे की, घर कसे पडते हे शेजाऱ्याचे पडके घर पाहूनच नीट कळते. आपले स्वतःचे पडत असते तेव्हा डोळ्यांत माती गेलेली असते.

शिवाय तो किनारा आपणांस वाटतो तितका परका नाही. जोतीराव फुल्यांनी तरुणपणी थॉमस पेन या गृहस्थाचा 'राइट्स ऑफ मॅन' हा ग्रंथ वाचला आणि मनुष्यमात्राचे हक्क जन्मतःच सारखे आहेत हे तत्त्व त्यांच्या मनात पक्के झाले, हे आपण जाणताच. तो ग्रंथ सन १७९१ सालचा. फ्रान्सच्या रयतेने राजा, सरदार आणि धर्माधिकारी यांची मिरास मोडली, तिच्या बाजूने केलेली ती वकिली आहे. पुढच्याच वर्षी फ्रेंच लोकांनी या परदेशी माणसास आपल्या राष्ट्रसभेत निवडून दिले, तेही कॅले बंदराच्या मुलखातून. त्याच किनाऱ्याने दहाबारा कोस पूर्वेस गेले की डंकर्क लागते. ज्या किनाऱ्याने पेनला निवडले, त्याच किनाऱ्यावर सन १९४० मध्ये फ्रान्सचा घात झाला. म्हणून ही गोष्ट आपल्याही घरची आहे.

आता हकीकत सांगतो. जर्मनीच्या भीतीने फ्रान्सने आपल्या पूर्व सरहद्दीवर माजिनो नावाची जबर तटबंदी बांधली होती. उत्तरेकडे आर्देनचे डोंगराळ जंगल आहे, तेथून रणगाडे येणे नाही, असे मोठमोठ्या सेनापतींनी मनाशी ठरवून टाकले होते. पोथीत लिहिले नाही ते जगात घडत नाही, असे मानणारे शास्त्री सर्व देशांत असतात. १० मे १९४० रोजी जर्मनांनी हॉलंड, बेल्जम आणि लक्झेंबर्ग यांवर चाल केली. इंग्रज व फ्रेंच यांच्या निवडक फौजा बेल्जमकडे धावल्या. इकडे रणगाडे नेमके त्या जंगलातून आले. १३ मे रोजी त्यांनी सेदां येथे म्यूज नदी ओलांडली आणि २० मे रोजी आबेव्हिलजवळ समुद्र गाठला. अवघ्या दहा दिवसांत लाखो शिपाई पुढे शत्रू आणि पाठीशी पाणी, अशा कोंडीत सापडले. २४ मे रोजी रणगाड्यांस थांबण्याचा हुकूम झाला, त्यामुळे मधले दोनतीन दिवस मिळाले. तेवढ्यावर पुढचे सारे घडले.

२६ मे ते ४ जून या दिवसांत डंकर्कहून इंग्लंडात नेलेल्या माणसांची संख्या ३,३८,२२६. कामाची सूत्रे डोव्हरच्या किल्ल्यातून अॅडमिरल रॅम्झी हलवीत होते. या कामी आठशेंवर लहानमोठी जहाजे आणि होड्या लागल्या. मासेमारी होड्यांनी व हौशी नावांनी ही फौज वाचविली, असे पुष्कळजण समजतात. त्या नाववाल्यांचे धैर्य खरे आणि त्यांचे उपकारही खरे. परंतु हिशेब पाहिला तर तीनांत दोघांहून अधिक माणसे डंकर्कच्या धक्क्यावरून मोठ्या जहाजांत चढली. लाटा अडविण्यासाठी बांधलेला तो धक्का जवळजवळ मैलभर लांब, वर लाकडी फळ्या, चार माणसे जेमतेम शेजारी चालतील एवढाच रुंद. जहाज लावण्यासाठी तो बांधलेलाच नव्हता. वरून विमाने बाँब टाकीत होती, फळ्या उडत होत्या, खलाशी भगदाडावर मिळेल ती फळी टाकीत होते आणि शिपाई रांग न मोडता पुढे सरकत होते. पहिल्या पूर्ण दिवशी, २७ मे रोजी, फक्त ७,६६९ माणसे निघाली. धक्क्याची युक्ती लागू पडली तेव्हा आकडा चढला.

आता या धक्क्यावर उभे राहून एक प्रश्न विचारू. आधी कोण चढले आणि मागे कोण राहिले?

३१ मे रोजी पॅरिसला दोन्ही सरकारांची बैठक झाली. तोपर्यंत सुमारे १,६५,००० माणसे निघाली होती आणि त्यांत फ्रेंच होते अवघे १५,०००. फ्रेंच मंत्र्यांस हे ऐकून काय वाटले असेल! तेव्हा चर्चिलसाहेबांनी शब्द दिला की यापुढे दोघे हातांत हात घालून निघतील. त्यानंतर फ्रेंच शिपायांस जागा मिळू लागली आणि अखेर एक लाखाहून अधिक फ्रेंच पार झाले. पण शेवटपर्यंत पिछाडी धरली ती फ्रेंचांनीच. लील शहराभोवती वेढलेल्या फ्रेंच तुकड्या ३१ मेपर्यंत लढल्या आणि त्यांनी कित्येक जर्मन पलटणी तेथे अडकवून ठेवल्या. ४ जूनच्या पहाटे शेवटचे जहाज सुटले, तेव्हा तीस-चाळीस हजार फ्रेंच शिपाई किनाऱ्यावर उभे होते. ते कैद झाले. पार गेलेल्या फ्रेंचांपैकी बहुतेकांस थोड्याच दिवसांत दुसऱ्या बंदरांतून परत फ्रान्सात लढण्यास आणले गेले आणि त्यांतलेही कितीतरी पुढे कैदेत गेले. इंग्लंडाने माणसे वाचविली, तोफा व गाड्या मागे टाकल्या. निव्वळ गाड्याच साठ हजारांवर होत्या. खुद्द चर्चिलसाहेबांनी आपल्या लोकसभेस बजावले की माघारीने लढाया जिंकल्या जात नसतात.

त्या धक्क्याशी आणखी एक रांग होती, तिचे नाव पुष्कळ वर्षे कोणी घेतले नाही. ती आपल्या हिंदुस्थानची. इंग्रजांनी आपली फौज मोटारींवर चढविली होती, पण फ्रान्सच्या हिवाळी चिखलात मोटारी रुतू लागल्या, तेव्हा खेचरे आठवली. हिंदी फौजेच्या खेचरवाहतुकीच्या चार तुकड्या डिसेंबर १९३९ मध्ये मार्सेय बंदरी उतरल्या. त्यांतले बहुतेक पंजाबकडचे मुसलमान, शेतकऱ्यांची पोरे. त्यांतले काहीशे डंकर्कवरून पार झाले. सांभाळलेली जनावरे त्यांस मागे सोडावी लागली. एक तुकडी पूर्वेकडे होती, ती जूनमध्ये जर्मनांच्या हाती लागून कैद झाली. सन २०१७ मध्ये डंकर्कवर एक मोठा बोलपट निघाला, त्यातही ही माणसे दिसली नाहीत, अशी तक्रार झाली. ती रास्तच होती. ओझे वाहणाऱ्याचे नाव इतिहासात नसणे हा आपणांस नवा अनुभव नाही.

डंकर्क पडल्यावर फ्रान्स तीन आठवडे टिकला. १४ जून रोजी जर्मन फौज पॅरिसात शिरली. लाखो लोक गाड्यांवर, सायकलींवर, हातगाड्यांवर चीजवस्तू लादून दक्षिणेच्या वाटेला लागले होते. पळता पळता सरकार बोर्दो शहरी आले. तेथे मुख्य प्रधान रेनो यांचा एक विचार असा होता की, डच सरकाराप्रमाणे आपणही देशाबाहेर जावे, लढणाऱ्या फौजेने हत्यार ठेवावे, पण राज्याने शरण जाऊ नये. सरसेनापती वेगां यांनी साफ नकार दिला. त्याने फौजेच्या अब्रूस बट्टा लागतो! म्हणजे फौजेची अब्रू राहावी म्हणून राष्ट्राने गळ्यात दोर बांधून घ्यावा. हेच सेनापती त्याआधी १३ जूनला मंत्रिमंडळात सांगत होते की पॅरिसात साम्यवाद्यांनी सत्ता बळकावली आहे. पॅरिसच्या पोलिसप्रमुखास विचारले तेव्हा बातमी खोटी निघाली. शत्रू दाराशी उभा, आणि ह्यांना धास्ती आपल्याच रयतेची! बंधूंनो, ही खूण ओळखून ठेवा. वरिष्ठ वर्गास परक्या धन्यापेक्षा आपल्या गड्याचे भय अधिक वाटू लागले, म्हणजे तो देश अर्धा पडला असे समजावे.

रेनो गेले. ८४ वर्षांचे मार्शल पेतां आले. पहिल्या महायुद्धातील हा नामांकित योद्धा, लोकांस बापासारखा वाटणारा. २२ जून १९४० रोजी काँप्येनच्या रानात तहनाम्यावर सही झाली. १९१८ साली ज्या रेल्वेच्या डब्यात जर्मनांनी हार लिहून दिली, तोच डबा हिटलरने मुद्दाम काढवून आणला होता.

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. देशाचे दोन तुकडे झाले. उत्तर आणि सारा पश्चिम किनारा जर्मनांच्या ताब्यात, दक्षिणेस विशी या गावी पेतांचे सरकार. व्यापलेल्या मुलखात घड्याळे बर्लिनच्या वेळेवर लावली गेली. सुमारे १८ लाख फ्रेंच शिपाई कैदेत पडले, त्यांतल्या बहुतेकांस जर्मनीत नेले. शिपाई म्हणजे घराघरांतला कर्ता पुरुष. त्यामागे शेत बाईने ओढले. फौज ठेवण्याचा खर्च म्हणून फ्रान्सने रोज ४० कोटी फ्रँक भरावे असे ठरले. त्यावर आणखी खुबी अशी की, एका मार्काला २० फ्रँक हा भाव जर्मनांनी आपल्या सोयीने बांधून दिला. त्यामुळे जर्मन शिपाई दुकानात जाई, नोट टाकी, पावती घेई आणि दुकान रिकामे करी. लूट, पण हिशेबाने! सावकाराच्या वहीची ज्यांस ओळख आहे, त्यांस हे समजावून सांगणे नको. पाव चिठ्ठीवर आला, सप्टेंबर १९४० मध्ये मोठ्या माणसास दिवसाला ३५० ग्रॅम, पुढच्या वर्षी त्याहूनही कमी. १९४३ पासून तर तरुणांस सक्तीने जर्मनीच्या कारखान्यांत धाडू लागले.

इथवर जे सांगितले ते परक्याने केलेले. पण आमच्या मते फ्रान्सचा खरा पराभव याच्या पुढे आहे, आणि तो फ्रेंचांनी फ्रेंचांचा केला.

१० जुलै १९४० रोजी विशीत जमलेल्या लोकप्रतिनिधींनी सर्व सत्ता पेतांच्या हाती दिली. बाजूने ५६९, विरुद्ध अवघे ८०. स्वातंत्र्य, समता, बंधुता हे तीन शब्द फ्रान्सच्या सरकारी इमारतींवर कोरलेले असत. त्यांच्या जागी नवे तीन शब्द आले : काम, कुटुंब, मायभूमी. नाण्यांवरही तेच आले. ऐकण्यास किती सोज्वळ शब्द! काम कोणास नको? कुटुंब कोणास नको? परंतु ज्या जागी समता लिहिलेली होती ती पुसून तेथे काम लिहिले, की त्याचा अर्थ होतो : तुझे काम कर, तुझ्या पायरीवर राहा, वर पाहू नको. हा उपदेश आपल्या बापजाद्यांनी हजारो वर्षे ऐकला आहे. त्यास आपल्याकडे स्वधर्म म्हणत.

मग नव्या सरकारने पहिला हात कोणावर टाकला? गावच्या मास्तरावर! पराभवाचे खापर खेड्यापाड्यांतल्या प्राथमिक शिक्षकांवर फोडले गेले. त्यांनी म्हणे मुलांस देशभक्ती शिकविली नाही, देवधर्म शिकविला नाही. जंगलातून रणगाडे येणार नाहीत असे सांगणारे सेनापती निर्दोष, आणि अ-आ-ई शिकविणारा मास्तर गुन्हेगार! सप्टेंबर १९४० मध्ये कायदा करून मास्तर तयार करणारी ट्रेनिंग कॉलेजे बंद करण्याचे ठरविले गेले. शेतकऱ्या-कामकऱ्यांची हुशार पोरे त्या कॉलेजांत शिकून शिक्षक होत आणि समतेचा पाठ घेऊन खेड्यात परतत. धर्मपीठांच्या शाळांस मात्र सरकारी पैसा सुरू झाला. आम्हीही ट्रेनिंग कॉलेजातच घडलेले मास्तर. हे वाचले त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. बहुजनांस खाली ठेवावयाचे तर तोफ लागत नाही, शाळेचे दार लावले की पुरते, हे जोतीराव सांगत आले, आणि पेतांच्या मंडळीस ते न वाचताच ठाऊक होते.

३ ऑक्टोबर १९४० रोजी ज्यू लोकांविषयीचा कायदा झाला. ज्याचे आजे-आज्या मिळून तिघे ज्यू, तो ज्यू. अधिकारी, न्यायाधीश, वर्तमानपत्राचा संपादक, शिक्षक यांपैकी त्याने काहीही होऊ नये. माणसाची लायकी न पाहता आजोबाचे कूळ पाहावयाचे! या कायद्याची मागणी जर्मनांनी केलेली नव्हती. सन २०१० मध्ये त्याचा मसुदा उजेडात आला. त्यावर पेतांच्या हस्ताक्षरातल्या म्हणून दाखविलेल्या दुरुस्त्या आहेत, आणि त्यांनी कायदा सौम्य न होता अधिक कडक झाला आहे, शिक्षणखात्यातली बंदी तर आणखी रुंदावली आहे. मास्तरांकडून, आपण ज्यू नाही, असे लिहून घेतले गेले. पुष्कळांनी सही केली. घरी चूल होती, पोरे होती. सही केली.

सही किती महाग पडते ते पाहा. १६ व १७ जुलै १९४२ रोजी पॅरिसात सुमारे १३,००० ज्यू धरले गेले, त्यांत ४,००० हून अधिक लहान मुले. धरणारे शिपाई फ्रेंच पोलिस होते. युद्ध संपेपर्यंत फ्रान्सातून सुमारे ७६,००० ज्यू मृत्यूच्या छावण्यांकडे पाठविले गेले. परत आले ते फार थोडे. हे फ्रेंच राज्याचेच पाप होते, असा स्पष्ट कबुलीजबाब राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी दिला तो सन १९९५ मध्ये. पंचावन्न वर्षे लागली.

मग समता सांभाळली कोणी? तिघांची नावे सांगतो. चाड या आफ्रिकेतील वसाहतीचे गव्हर्नर फेलिक्स एबुए हे गुलामांच्या वंशात जन्मलेले काळे गृहस्थ. द गॉल यांनी लंडनहून १८ जूनला लढत राहण्याची हाक दिली होती. २६ ऑगस्ट १९४० रोजी एबुए यांनी आपला प्रांत त्यांच्या बाजूस उभा केला. गव्हर्नरांत असे करणारे ते पहिले ठरले. शार्त्रचे जिल्हाधिकारी झां मूलां यांस जर्मनांनी १७ जूनला कागद पुढे केला. बाँबने मेलेल्या बायामुलांस फ्रेंच फौजेतल्या काळ्या शिपायांनी मारले, असे त्यात लिहिले होते. मूलां यांनी मार खाल्ला, कोंडून घेतले, आणि त्या खोट्यावर आपला हात उठू नये म्हणून काचेने स्वतःचा गळा कापून घेतला, पण सही केली नाही. ते वाचले, पुढे गुप्त लढ्याचे पुढारी झाले आणि १९४३ मध्ये छळ सोसून मेले. तिसरा मास्तर. ल शांबों हे डोंगरातले गरीब शेतकऱ्यांचे गाव, तेथे शेकडो छळलेल्या लोकांस व मुलांस घराघरांतून लपविले. तेथील दानियेल त्रोक्मे याच्या वसतिगृहातील विद्यार्थी जून १९४३ मध्ये धरले गेले. त्यास रानात पळून जाण्यास वाव होता. तो मुलांबरोबर गेला आणि एप्रिल १९४४ मध्ये पोलंडातल्या मायदानेक छावणीत मेला.

आता आमची एक गोष्ट सांगावयाची आहे. ती सांगण्यास लाज वाटते, म्हणूनच ती सांगितली पाहिजे. पूर्वी एका गावी आम्ही नोकरीस असताना गावाबाहेर पालांत उतरलेल्या भटक्या लोकांची सात मुले शाळेत आली. काही पालकांनी कुरकूर केली. तेव्हा एका कागदावर ठराव झाला की, वर्गात जागा अपुरी असल्याने सदरहू मुलांस ओसरीवर बसवावे. जात हा शब्द त्यात कोठेही नव्हता. फार सभ्य कागद होता. वर्गात जागा होती, हे आम्हांस ठाऊक होते. आम्ही सही केली. आठ दिवस मुले ओसरीवर बसली, नवव्या दिवशी आली नाहीत. पाल उठून गेले होते. ठराव करणारांत कोणी भटजी नव्हता, बंधूंनो. सारे आपलेच होते, आणि सभेत जोतीरावांच्या तसबिरीस हार घालणारे होते. आमचा गळा कोणी दाबला नव्हता, समोर बंदूक नव्हती. काचेने गळा कापून घेणाऱ्या त्या जिल्हाधिकाऱ्याची गोष्ट आम्ही पुढे वाचली, तेव्हा ती सात मुले आमच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. आजही राहतात.

स्वातंत्र्य, समता, बंधुता हे शब्द आज आपल्या संविधानाच्या उद्देशिकेत आहेत. ते आपण फ्रान्सकडून नव्हे, बुद्धाकडून घेतले, असे बाबासाहेबांनी सांगितले होते. ते कोठूनही आलेले असोत, एकदा भिंतीवर कोरले म्हणजे कायमचे राहतात असे नाही, हे फ्रान्सने जगास दाखविले. दीडशे वर्षांची शिकवण, आणि पुसण्यास एक उन्हाळा पुरला. पुसणारा बाहेरचाच असतो असे नाही. तो सोज्वळ शब्द बोलतो, जागा अपुरी आहे म्हणतो, आणि आपल्यापुढे कागद सरकवितो.

म्हणून आमचे मागणे मोठे नाही. गावच्या शाळेचे दार कोणत्याही निमित्ताने कोणत्याही मुलास लागू देऊ नका. सोयरिकीच्या बोलण्यात पहिला प्रश्न कुळाचा निघतो तो आपल्या घरापुरता तरी बंद करा. आणि कागदावर सही करण्यापूर्वी, याने कोणते मूल ओसरीवर जाते, हे स्वतःस विचारा.

पॅरिस २५ ऑगस्ट १९४४ रोजी सुटले. परंतु डंकर्क शहर, जेथून सव्वातीन लाखांवर माणसे सुटली, ते स्वतः ९ मे १९४५ पर्यंत जर्मनांच्याच हाती होते. फौज सुटली म्हणून गाव सुटत नाही, बंधूंनो. धक्क्यावरची रांग शेवटच्या माणसापर्यंत पोचली पाहिजे. तोवर आपण कोणी सुटलो असे म्हणू नये, एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.

सत्यमेव जयते.